सर्टिफिकेट करू का, काका?

आमच्या हेल्पडेस्कवर नवीन आलेला माणूस पहिल्या सहा महिन्यांत कधीतरी काकांना हा प्रश्न विचारायचाच. संगणक दुरुस्तीचं, अगदी पहिल्या पायरीचं, परदेशी संस्थेचं ते सर्टिफिकेट. दोन पेपर, आणि दोन्हींची फी मिळून आमचा दीड महिन्याचा पगार. काका प्रश्न ऐकून घ्यायचे, शर्टाच्या खिशातून रंगकामाचा अर्धा इंची ब्रश काढायचे, समोरच्या कीबोर्डवरची धूळ झटकायचे आणि मग म्हणायचे, "नको करू."

बहुतेकांचं त्यावर समाधान व्हायचं. दीड महिन्याचा पगार वाचला की कुणाचंही होतं.

काका म्हणजे कुणाचेच काका नव्हते. बडोद्याजवळ बाजव्याच्या पुढे रसायनांचा एक कारखाना आहे, तिथे संगणक विभागात मी बी.एस्सी. झाल्या झाल्या लागले. तेव्हा काका पन्नाशी ओलांडलेले होते आणि पंचवीसेक वर्षं तिथेच होते. आम्हा मराठी मुलांचे ते काका, गुजराती मंडळींचेही काकाच. त्या शब्दाचं बडोद्यात एक बरं असतं, भाषांतर करावं लागत नाही. पाणीगेटला राहायचे. पणजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते, ही माहिती ते स्वतःहून देत नसत. पण कुणी अर्ज चुकीचा लिहिला की पणजोबा हमखास निघायचे.

कारखान्यात कुणाचाही संगणक बिघडला की आमचा फोन वाजायचा. आम्ही बाकीचे जागेवरूनच "बंद करून चालू करा" म्हणायचो. काका सायकल काढायचे. कारखाना मोठा, विभाग लांब लांब, त्यामुळे सगळ्यांनाच सायकली मिळत. पण उन्हातान्हात त्या खरोखर चालवणारे काका एकटेच. तिथे पोचल्यावरही ते संगणकाकडे बघत नसत. खुर्ची ओढून त्या माणसाशेजारी बसायचे आणि विचारायचे, "जेवलात?" मग, "सकाळपासून काय काय झालं, शांतपणे सांगा." लोक सांगायचे. कुणी मुलाच्या ॲडमिशनपासून सुरुवात करायचं. काका ऐकायचे. माउसला मात्र हात लावायचे नाहीत. "तुम्ही करा, मी बघतो," एवढंच. एक साधा प्रिंटर चालू करायला त्यांना पाऊण तास लागायचा. पण तो प्रिंटर त्या माणसाकडून पुन्हा बिघडत नसे, हेही खरं.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. आम्हाला वाटायचं, तीत बिघाडांची नोंद असेल. एकदा ते रजेवर असताना मी ती उघडली. बिघाड नावालाच, सगळी माणसंच होती. 'लॅबमधले साहेब – चष्मा घरी विसरतात, स्क्रीन अंधूक झाली म्हणून फोन करतात.' 'स्टोअर्स – नवीन मुलगा, विचारायला लाजतो, आपणहून जावे.' माझंही नाव होतं. 'हुशार आहे. उत्तर आधी देते, प्रश्न नंतर ऐकते.' मी वही मिटून होती तशी ठेवली आणि चार दिवस त्यांच्याशी जरा तुटक वागले. ते का, हे त्यांना बहुधा कळलं असावं, कारण पाचव्या दिवशी वही कुलपात गेली.

अकाउंट्सच्या एका बेनचा पासवर्ड दर सोमवारी सकाळी चालायचा नाही. बाकी दिवस सुरळीत. मी तीन सोमवार तो बदलून दिला, चौथ्या सोमवारी कीबोर्ड बदलला, पाचव्या सोमवारी मशीनच बदलायला निघाले. काकांनी मला थांबवलं, सायकलवरून तिकडे गेले आणि बेनना विचारलं की शनिवारी जाण्याआधी शेवटचं काम काय करता. तर त्या दर शनिवारी पुढच्या आठवड्याची कॅन्टीनची नोटीस गुजरातीत टाइप करायच्या आणि कीबोर्ड तसाच गुजरातीवर ठेवून घरी जायच्या. सोमवारी पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण गुजरातीत टाइप करतोय हे कळायला मार्ग नव्हता. काका परत आले आणि मला म्हणाले, "मशीन सोमवारी बिघडत होतं, म्हणजे शनिवारी बिघडलेलं असणार. एवढंच ने?" त्यांचं ते 'एवढंच ने' ऐकलं की मला कीबोर्ड त्यांच्या डोक्यात घालावासा वाटायचा.

तर सर्टिफिकेट. सगळ्यांना नको म्हणणाऱ्या काकांनी एकदाच 'कर' म्हटलेलं मी ऐकलं, आणि त्यावरूनच पुढचं सगळं झालं.

कॅन्टीनमध्ये पोळ्या करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची मुलगी बारावी होऊन घरी होती. बाईंनी बिचकत बिचकत विचारलं की ही कॉम्प्युटरची परीक्षा म्हणतात ती पोरीला झेपेल का. काका म्हणाले, "कर म्हणावं. आजच फॉर्म भर म्हणावं." नुसतं बोलून थांबले नाहीत, सहा महिने दर रविवारी तिला शिकवलं. जुने संगणक उघडून तिच्यापुढे मांडले, पुस्तक मात्र तिचं तिनेच वाचलं. पुढे तिला एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली.

ते 'कर' ऐकताच मला राग आला. महिनाभर आधीच मी विचारलं होतं आणि मला ब्रश झटकून 'नको' मिळालं होतं. मी सरळ जाऊन विचारलं, हा काय न्याय.

ते म्हणाले, "अगं, ज्याला कुणी ओळखत नाही त्याने कागद घ्यावा. तिच्याबद्दल चांगला शब्द टाकणारं कोण आहे? तो कागद टाकेल. तुझे वडील रेल्वेत, मामा इथेच खरेदी विभागात. तुला कोण दारात अडवणार आहे?"

म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच ते लागलं. मला नोकरी मामांच्या शब्दावर लागली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात मी फी भरली. स्कूटरसाठी साठवलेले पैसे होते, त्यातले बरेचसे गेले. पाच महिने घरी दार लावून अभ्यास केला, अलकापुरीतल्या परीक्षा केंद्रावर दोन्ही पेपर दिले आणि पास झाले. कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. काकांना सांगितलं नाही. ते हसतील असं वाटलं, आणि त्यांचं हसणं मला दीड महिन्याच्या पगाराहून महाग पडलं असतं.

त्याचा उपयोग काय झाला म्हणाल, तर दोन वर्षं काहीही नाही. पगार तोच, खुर्ची तीच. फोन आला की मी आता आधी प्रश्न ऐकून घेत होते, पण ते सर्टिफिकेटमुळे की त्या वहीतल्या ओळीमुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग कारखान्याने आमचं सगळं काम बाहेरच्या एका एजन्सीला द्यायचं ठरवलं. एजन्सीचा माणूस आला, तिशीतला, नम्र, नीटनेटका. मीटिंग रूममध्ये पडद्यावर त्याने सांगितलं की जुन्या सगळ्या लोकांना सामावून घेऊ, फक्त त्यांच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाकडे हे सर्टिफिकेट हवं. नसेल त्याने तीन महिन्यांत मिळवावं. न मिळाल्यास नाइलाज. मग त्याने सहज विचारलं, "कुणाकडे आधीच आहे का?"

आम्ही सहा जण बसलो होतो. काका माझ्या शेजारी. मी खोटं बोलू शकले असते, पण एजन्सी नावं तपासणारच होती. मी हात वर केला. खांद्याच्या वर गेला नाही, पण दिसण्यापुरता गेला. काकांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ छताच्या पंख्याकडे.

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. बोलण्यात काही कमी नव्हतं, फक्त 'अगं' गेलं होतं. मला भयंकर वाटत होतं. वाटलं, जाऊन सांगावं की तुमच्यामुळेच केलं. पण ते सांगण्यासारखं वाक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले, डब्यातली अर्धी सुरळीची वडी माझ्या झाकणात ठेवली आणि म्हणाले, "पुस्तक आहे ने तुझ्याकडे? शिकव मला."

कॅन्टीनमागच्या बाकावर आमची शाळा सुरू झाली. रोज अर्धा तास. इतका वाईट विद्यार्थी मी पाहिलेला नाही. प्रत्येक पानाशी भांडण. समासात पेन्सिलीने 'चूक', 'हे लिहिणाऱ्याने प्रिंटर उघडून पाहिलेला नाही' असले शेरे. पहिल्या आठवड्यात एक प्रकरण निघालं, बिघाड कसा शोधावा त्याच्या पायऱ्यांचं. आधी वापरणाऱ्याला विचारा, काय बदललं ते शोधा, गृहीत काही धरू नका, शेवटी नोंद ठेवा. काकांनी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, पुस्तक उलटं करून मागचं पान पाहिलं. "हे तर माझं आहे," ते म्हणाले. पंचवीस वर्षं ज्या पुस्तकाला न वाचता नावं ठेवली, त्याने आपलीच पद्धत छापून ठेवावी, हे त्यांना फार लागलं. आनंदही झाला असावा, पण तो दाखवायला ते तयार नव्हते. त्या दिवशीची वडी मला एकच मिळाली.

अडचण पाठांतराची होती. संगणकाच्या आत जाण्यायेण्याची दारं असतात आणि त्या दारांना नंबर असतात, ते तोंडपाठ लागतात. काकांच्या एकही लक्षात राहीना. शेवटी एका रविवारी त्यांनी मला मांडवीला बोलावलं. मांडवीच्या दरवाजापासून पाणीगेटकडे चालत जाताना त्यांनी एकेका दुकानाला नंबर दिला. बावीस नंबर म्हणजे गुपचूप, कुलूपबंद ये-जा, तर तो कुलूपवाल्याला. पंचवीस टपालाचा, तो पोस्टाच्या लाल डब्याला. त्रेपन्न नंबर नावावरून पत्ता शोधून देतो, तर तो नाक्यावरच्या पानवाल्याला, कारण सगळा मोहल्ला पत्ता त्यालाच विचारतो. ऐंशी म्हणजे सताड उघडं कापडाचं दुकान. आणि चारशे त्रेचाळीस, सुरक्षित कामाचं दार, म्हणजे सोनार. काच, आत पडदा आणि दाराशी बंदूकवाला. पानवाल्याने विचारलं, काका, काय मोजताय. काका म्हणाले, "तुझा नंबर त्रेपन्न, लक्षात ठेव." तो घाबरला. म्युनिसिपालिटीचं काही निघालं असं त्याला वाटलं. त्याला शांत करण्यात आमची दहा मिनिटं गेली.

पहिल्या पेपरला मी त्यांना माझ्या स्कूटरवर घेऊन गेले. अलकापुरीतलं तेच केंद्र, दुसरा मजला. खिशातलं सगळं बाहेरच्या कप्प्यात ठेवायचं होतं. घड्याळ, पाकीट, ब्रश. ब्रश ठेवताना तिथल्या मुलीने तो उलटसुलट करून पाहिला. काका ओळखपत्र दाखवून दारापर्यंत गेले, आत रांगेने बसलेली विशीतली मुलं पाहिली आणि वळून जिना उतरायला लागले. मला आधी वाटलं काही विसरलं असेल. मी खाली गेले तर ते पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसलेले, शर्ट पाठीला चिकटलेला.

मी शेजारी बसले. त्यांनी जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ते तीनदा बसले होते आणि तीनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा पेपर समोर आला तेव्हा अक्षरंच दिसेनाशी झाली. घरी, नोकरीत सगळीकडे सांगितलं, वडील आजारी होते म्हणून शिक्षण सोडलं. वडील आजारी होते हे खरं होतं, म्हणून ते खपलं. त्यानंतर पस्तीस वर्षं कुठल्याच परीक्षेला बसले नव्हते. बायकोलाही माहीत नव्हतं.

मग म्हणाले, "तुला नको म्हटलं ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं. त्या पोरीला दारं उघडायची होती, ते खरं. पण तू माझ्या शेजारी बसतेस. तू पास झालीस तर मी का बसत नाही, असं कुणीतरी विचारलं असतं."

मला वाटतं, त्यांची अपेक्षा होती की मी काहीतरी समजूतदार बोलेन. मला तेव्हा राग आला होता. दोन वर्षं साड्यांखाली लपवलेला तो कागद मला आठवला. उठून निघून जावं असं क्षणभर वाटलं. पण त्यांचे हात गुडघ्यांवर थरथरत होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी म्हटलं, "सकाळपासून काय काय झालं, शांतपणे सांगा."

ते माझ्याकडे वळले. मग सांगायला लागले. चारला उठलो. चहा गेला नाही. बायकोला सांगितलं ओव्हरटाइम आहे. घड्याळ दोनदा उलटं घातलं. सांगता सांगता श्वास सरळ झाला. मी विचारलं, "जेवलात?" नव्हते जेवले. माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा होता, तो त्यांनी खाल्ला, तोंड पुसलं आणि आपणहून जिना चढले.

दीड तासाने बाहेर आले. काठावर पास. दुसरा पेपर तीन आठवड्यांनी दिला, त्यात चांगले गुण पडले.

एजन्सीने त्यांना ठेवलं. पण पदं सर्टिफिकेटच्या तारखेवरून लागली, त्यामुळे मी झाले टीम लीड आणि काका झाले ज्युनिअर. गळ्यात निळ्या फितीचं नवं ओळखपत्र, त्यावर 'असोसिएट, लेव्हल वन'. मला लाज वाटायची. त्यांनी मात्र पुढची अडीच वर्षं तो खेळ पुरेपूर खेळला. सगळ्यांदेखत उभं राहून, "मॅडम, प्रिंटरला जाऊ का?" मी म्हणायची, जा हो काका. मग ते म्हणायचे, "तोंडी नको, मॅडम, तिकीट काढा." तिकीट म्हणजे एजन्सीच्या संगणकात तक्रारीची रीतसर नोंद. नवीन मुलांना वाटायचं, आमच्यात भांडण आहे.

ते निवृत्त झाल्यावर तो प्रश्न माझ्याकडे यायला लागला. करू का, मॅडम? माझ्याकडे ब्रश नाही आणि ठाम उत्तरही नाही. कुणी ओळखणारं नसेल तर कर, असं मी सांगते. पंचवीस वर्षं सगळे ओळखत असले तरी एखाद्या सकाळी पडद्यासमोर असा माणूस उभा राहतो जो तुम्हाला ओळखत नाही, हेही सांगते. फीचं दुःख खरं आहे. आणि कागदाची मुदत तीन वर्षांची, पुढे पुन्हा परीक्षा, हे आधी कुणी सांगत नाही, तेही मी सांगते.

गेल्या हिवाळ्यात मांडवीत चेवड्याच्या दुकानात काका भेटले. दुपारची वेळ, दुकानात गर्दी. बडोद्याचा तो मऊ, ओला लीला चेवडा तोलून घेत होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशाला ब्रश. मला बघताच सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, नापास झालो."

मला काही कळेना. मुदत संपली म्हणून ते परत परीक्षेला बसले होते. निवृत्त होऊन सहा महिने झालेले, नोकरी नाही, कुणी कागद मागणारं नाही, फी स्वतःच्या पेन्शनीतून. मी विचारलं, कशासाठी?

"मागच्या वेळी सगळं लक्ष हातांकडे होतं," ते म्हणाले. "एकदा न घाबरता बसून बघायचं होतं. बसलो. घाम आला नाही. प्रश्न सगळे नीट वाचले. चार वाचून तर हसू आलं. थोडक्यात गेली." मग चेवडेवाल्याकडे वळून, त्याने विचारलेलं नसताना, "नापास थयो, भाई." त्याने मान हलवली आणि पुडीत मूठभर चेवडा जास्त घातला.

मी हळू आवाजात विचारलं, "घरी सांगितलं?"

"आधी घरीच सांगितलं. म्हटलं आता सुरू केलंच आहे तर जुने तीनही सांगून टाकू." पुडीला दोरा बांधला जाईपर्यंत ते थांबले. "ती भाजी निवडत होती. हातातली मेथी खालीही ठेवली नाही तिने. म्हणाली, ते मला लग्नाआधीच तुमच्या आईंनी सांगितलं होतं."